डॉक्टर म्हणाले मेंदूत प्रोटीन साचतंय, आईने घरातली डाळच बंद केली

तिसरा_गिअर यांचा प्रश्न

रात्रीचे पावणेदोन झालेत. बाबा आत्ता कुठे झोपले, म्हणून मी लिहायला बसले. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

बाबा ७१ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, त्यातली निम्मी रातराणीवर गेली. गेल्या महिन्यात न्यूरोलॉजिस्टनी निदान केलं: लुई बॉडी डिमेन्शिया. एमआरआय बघून म्हणाले, "वयाच्या मानाने ठीक आहे." आम्ही हुश्श करतोय तेवढ्यात म्हणाले, आजार आहेच, मेंदूत एक प्रोटीन साचतंय, ते यात दिसत नाही. कागदावर लिहिलं 'प्रोबेबल', म्हणजे बहुधा. बाहेर रांग ताटकळलेली, आमची दहा मिनिटं संपली. खाली गोळ्या घ्यायला गेलो तर दुकानातल्या मुलाने सिंडोपाच्या पट्टीवर बोट ठेवून बजावलं, "ही प्रोटीनबरोबर द्यायची नाही हं, मावशी."

आईने दोन्ही वाक्यांची गाठ मारली. त्या दिवसापासून तूर, मटकी, अंडी, दही सगळं बंद. भाजीत शेंगदाण्याचं कूटसुद्धा नाही, आणि कुटाशिवाय भाजी म्हणजे काय ते सांगली-कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको. बाबा मुकाट्याने भात-भाजी खातात. महिन्यात वजन ५८ वरून ५४. मी बोलले तर आई म्हणते, "साचतंय म्हटल्यावर आपण आणखी कशाला भर घालायची?" खरं सांगू, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता बाबांचं. त्यांना माणसं दिसतात. हॉलमधल्या सोफ्यावर तीन पॅसेंजर बसलेले असतात, एक बाई कडेवर पोर घेऊन. कुणी बोलत नाही. बाबा मला हळूच विचारतात, "यांचं तिकीट झालंय का बघ. गाडी का सोडत नाहीत?" घाबरत नाहीत, कंटाळतात. आणि मंगळवारी हाच माणूस माझ्या भाच्याला घाटातलं कुठलं वळण कितव्या गिअरमध्ये घ्यायचं ते बिनचूक सांगत होता. बुधवारी बाथरूम कुठे आहे ते आठवेना. नाटक करतात की काय असं वाटून मी एकदा ओरडले त्यांच्यावर. ते जाऊ दे.

अजून एक. रिटायर झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत ते झोपेत गाडी चालवायला लागले. उजव्या पायाने खाडकन ब्रेक मारायचे, "अरे एसटी आहे, दिसत नाही का" म्हणून ओरडायचे. आईच्या नडगीला काळंनिळं व्हायचं. शेवटी २०१५च्या सुमाराला तिने गादी खाली टाकली. आम्ही हसायचो, म्हणायचो अंबा घाट लागला. २०२० मध्ये दूध करपून घरभर धूर झाला तरी त्यांना वास आला नाही. कोविड म्हणून टेस्ट केली, निगेटिव्ह आली, विषय संपला. या सगळ्याचा याच्याशी काही संबंध आहे का? तेव्हाच कळायला हवं होतं का?

सातारकर६१

ताई, आईंचं काही चुकत नाही, तूर वातूळच. मटकी तर विचारूच नका. मुगाचं कढण द्या फार तर. माझ्या मेहुण्यांच्या हाताला कंप होता, त्यांना खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण चमचाभर दुधातून आणि सकाळी हळद-मिरी चालू केली, सहा महिन्यांत फरक. नैसर्गिक आहे, अपाय नाही. करून बघा.

काचपट्टी

सातारकर, जरा दम धरा. ताई, ते चूर्ण देऊ नका, का ते पुढे सांगतो. आधी डाळ.

मी डॉक्टर नाही. एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात २७ वर्षं टेक्निशियन होतो. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या उतीचे काप काढणं, रंगवणं, काचपट्टीवर चढवणं हे माझं काम. तुमच्या बाबांना जे झालंय ते मी भिंगातून पाहिलेलं आहे, म्हणून बोलतो.

आईंना असं सांगा. आमटी पोटात गेली की तुरीचं प्रोटीन सुटं होतं, माळ तुटून मणी मणी वेगळे व्हावेत तसं. रक्तात जातात ते मणी. त्यांच्यावर तुरीचं नाव राहत नाही, अंड्याचंही नाही. त्याच मण्यांतून शरीर आपल्याला हव्या त्या माळा ओवतं. मेंदूत बिघडलेली माळ अल्फा-सायन्युक्लिन नावाची, १४० मण्यांची. ती बाहेरून येत नाही. ती तुमच्या मेंदूत आहे, माझ्याही आहे, एक चेतापेशी दुसरीला निरोप देते त्या टोकांशी तिचं काम असतं. डाळ बंद केली म्हणून ती बनायची थांबत नाही. मांड्या-दंडांवरचं मांस मात्र झडतं, आणि ज्याचा तोल आधीच जातो त्याला ते महागात पडतं. चार किलो गेलेत त्यात तेही असणार. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रोटीन लागतं. बाबांना पन्नासएक ग्रॅम, म्हणजे डाळीची वाटी, अंडं, दही हे सगळं धरूनसुद्धा ओढाताणच होते.

मग साचतं काय? ही माळ एरवी सैल असते. बिघडली की चपटी दुमडते आणि तशाच दुसरीला चिकटते, धुतलेल्या ताटांची चळत लागावी तशी. पेशीची स्वतःची घंटागाडी असते, असला कचरा ती रोज उचलते. वय झालं, घंटागाडी मागे पडली, की ढीग लागतो. आणि बिघडलेली माळ शेजारच्या चांगल्या माळेलाही आपल्यासारखं दुमडायला लावते. विरजण लावल्यासारखं. चमचाभर पुरतं, पातेलंभर दुधाला वेगळं काही करावं लागत नाही. हे नुसतं बोलणं नाही. पार्किन्सन म्हणजे कंपवात, त्यातही हेच प्रोटीन साचतं. त्याच्या काही रुग्णांच्या मेंदूत पूर्वी गर्भातल्या निरोगी पेशी बसवल्या होत्या. दहा-पंधरा वर्षांनी ते रुग्ण वारल्यावर पाहिलं तर त्या नव्या, कोवळ्या पेशींतही हेच गोळे तयार झालेले. २००८ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या सरांनी तो लेख मला दाखवला आणि नुसतं म्हणाले, "विरजण." तो शब्द त्यांचा आहे, माझा नाही.

(विरजण म्हटलं म्हणून कुणी बाबांचा पेला-ताट वेगळं काढू नका. एका घरात राहून, उष्टं खाऊन हा आजार लागत नाही.)

आता तो एमआरआय. लुई बॉडी म्हणजे पेशीच्या आत बसलेला गोळा. एका मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. यंत्राला तो दिसणं शक्य नाही, डॉक्टर बरोबर बोलले. तो बघायला मेंदू हातात यावा लागतो, म्हणून तर कागदावर 'प्रोबेबल' आहे. मन घट्ट करून वाचा, नाहीतर हा परिच्छेद सोडा. मेंदू ताजा असताना घट्ट दह्यासारखा असतो, कापता येत नाही. बुडाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो फॉर्मलिनच्या बादलीत उलटा टांगून ठेवतात, तळाला टेकला तर चपटा होतो. दोन-तीन आठवड्यांनी घट्ट झाला की काप. मध्यमेंदूच्या कापावर दोन्ही बाजूंना काजळाचं बोट ओढल्यासारखी रेघ असते, डोळ्यांनी दिसते. पार्किन्सनमध्ये आणि या आजारातही ती फिकी पडलेली. तिथला पाच मायक्रॉनचा काप, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचा. नेहमीच्या रंगात रंगवला की पेशीत गुलाबी गोळा दिसतो आणि भोवती फिकट कडं, चंद्राला खळं पडावं तसं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सुंदर वाटला होता. मग त्या काचेवरचा नंबर वाचला.

मेंदूच्या वरच्या सालीत मात्र याला खळं नसतं, नेहमीच्या रंगात हातून निसटतो. आम्हीही कित्येक निसटू दिले असतील. सायन्युक्लिनचं खास रंजन आल्यावर ते ढळढळीत दिसायला लागले, आणि या गोळ्यांत हेच प्रोटीन आहे हे कळलंच मुळी १९९७ मध्ये. गोळे पाहणारा माणूस त्याच्या कितीतरी आधीचा: फ्रिट्झ लेवी, जर्मन ज्यू. आल्झायमरच्याच म्युनिकच्या प्रयोगशाळेत काम केलेला. १९१२ साली त्याने पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत हे लिहून ठेवलं. १९३३ ला हिटलर आला, याला देश सोडावा लागला, शेवट अमेरिकेत. आपण सगळे 'लुई' म्हणतो, नाव 'लेवी'. सालीतल्या गोळ्यांनी डिमेन्शिया होतो हे १९७६ पासून जपानच्या कोसाका यांनी मांडलं. म्हणजे बाबा एसटीत चिकटले त्याच्या आसपास या आजाराला धड ओळखही नव्हती.

झोपेतला ब्रेक. स्वप्न पडताना शरीर एरवी लुळं ठेवलेलं असतं, आणि ते लुळं ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात असते. तिथे बिघाड झाला की माणूस स्वप्न जगतो: लाथा, बुक्क्या, ओरडणं. १९८६ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट नोंदवलं, आणि पुढे दिसलं की असे बरेच रुग्ण वर्षांनी पार्किन्सन किंवा लुई बॉडीकडे जातात. वास जाणं तसंच. २००३ मध्ये ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी टप्पे मांडले, त्यात पार्किन्सनचे गोळे सुरुवातीला वासाच्या कंदात आणि देठातल्या, पोटाकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाशी दिसतात. सगळ्यांत याच क्रमाने होतं असं नाही. पण बाबांना बद्धकोष्ठ कधीपासून आहे ते आईंना विचारा, मला उत्तर माहीत आहे असं वाटतंय.

तेव्हाच कळायला हवं होतं का? कळून काय केलं असतं, ताई. हे साचणं थांबवणारं औषध आजही नाही, २०१५ ला तर नव्हतंच. आईंनी गादी खाली टाकली, तेवढाच उपाय होता आणि तो त्यांनी केला.

मग दुकानातला मुलगा खोटं बोलला का? नाही. त्याचं प्रोटीन वेगळं. सिंडोपात लेव्होडोपा असतं, हालचाली सुधारणारं औषध, आणि ते व प्रोटीनचे काही मणी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दारातून शिरतात. स्टँडवर गाडी लागली की दाराशी काय होतं ते तुम्हाला मी काय सांगू. जेवणाबरोबर गोळी दिली तर मण्यांच्या झुंबडीत ती खाली राहते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, नाहीतर जेवून तासाभराने. डाळ तिच्या जागी, गोळी तिच्या जागी. पोटात मळमळलं तर एखादं बिस्किट चालतं.

आणि सातारकर, खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. मेहुण्यांना फरक पडला यावर माझा विश्वास आहे. नेमकी तीच अडचण आहे. ताईंच्या बाबांना ते डॉक्टरांनी मोजून, थोडंसं दिलंय, कारण या आजारात ते जास्त झालं की पॅसेंजर वाढतात. वर चमचाभर चूर्ण म्हणजे न मोजलेला दुसरा डोस. हळदीचं म्हणाल तर आमटीत घाला. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या गोळ्या आल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिल्या, हाती काही लागलं नाही.

सातारकर६१

हे मला माहीत नव्हतं. मेहुण्यांना डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत. आज फोन करतो.

कोथरूडची_लेक

तिसरा_गिअर, तू ओरडलीस ते मनाला लावून घेऊ नकोस. मी आईवर रोज ओरडायचे. एक दिवस लख्ख, एक दिवस काळोख, हे या आजाराचं लक्षणच आहे, नाटक नव्हे. मला हे ती गेल्यावर समजलं.

मी फक्त एका गोष्टीसाठी लिहितेय. आईला लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. रात्री ती सलाइन ओढायला लागली. ड्यूटीवरच्या मुलाने शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. तो सगळ्यांना तेच देत असावा. सकाळी आई लाकूड झाली होती. मान वळेना, चमचा दातांवर आपटायचा, घोट उतरेना. नऊ दिवस. त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी कधी चालली नाही. नंतर वाचलं की या आजारात तीस ते पन्नास टक्के लोकांना अशा औषधांची जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. मला तोवर कुणी बोललं नव्हतं.

तर आजच एक कार्ड कर. आजाराचं नाव, 'हॅलोपेरिडॉल देऊ नये', खाली न्यूरोलॉजिस्टचा नंबर. एक बाबांच्या खिशात, एक फाइलच्या पहिल्या पानावर, एक फ्रिजवर. उलटीसाठी सर्रास देतात ते मेटोक्लोप्रामाइडही लिही, आणि कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल, त्याने गोंधळ वाढतो. भास फारच त्रास द्यायला लागले तर रिव्हास्टिग्मिनबद्दल तुमच्याच डॉक्टरांना विचार, आईला त्याचा उपयोग झाला होता.

पॅसेंजरशी भांडू नकोस. मी "कुणी नाहीये तिथे" म्हणून आईला पटवत बसायचे आणि दोघी रडायचो. सोफ्यावरची नक्षीची चादर काढून साधी टाक, संध्याकाळी दिवा लवकर लाव, अर्ध्या उजेडात उश्यांची माणसं होतात. बाबांना उठवताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसव, यांचं बीपी उभं राहिल्यावर धाडकन पडतं. आमटी फार पातळ नको, ठसका लागतो.

एडिसनहून

इथे अमेरिकेत आल्झायमरसाठी प्रोटीन साफ करणारं इंजेक्शन आलंय, लेकानेमॅब. माझ्या सासऱ्यांसाठी आम्ही चौकशी केली होती. बाबांना ते चालेल का? पैशांचं मग बघता येईल.

काचपट्टी

ते प्रोटीन वेगळं. आल्झायमरमध्ये पेशींच्या बाहेर बीटा-अॅमिलॉइड नावाच्या प्रोटीनचे ठिपके आणि आत टाऊ या दुसऱ्या प्रोटीनचे गुंते असतात. लेकानेमॅब अॅमिलॉइडला धरतं. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, तीही सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी. ठिपके खरोखर साफ होतात. दीड वर्षानंतर फरक पडला तो आजार किती वाढला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ इतका, आणि काहींच्या मेंदूला सूज येते, रक्तस्राव होतो. बाबांच्या आजारासाठी ते नाही. लुई बॉडीच्या बऱ्याच रुग्णांत अॅमिलॉइडही सापडतं हे खरं, पण तेवढ्यावर हा खटाटोप करू नये असं मला वाटतं. माझं मत विचाराल तर, आम्ही आयुष्यभर जे मोठाले गोळे रंगवले ते कदाचित आग नसून राख असावेत. घातक असतात त्या गोळा होण्याआधीच्या लहान लहान जुड्या, असं मानणारे बरेच आहेत. भांडण मिटलेलं नाही.

तिसरा_गिअर

सगळ्यांना एकदमच लिहिते.

काका, बद्धकोष्ठाचं आईला विचारलं. म्हणाली, "रिटायरमेंटच्या आधीपासून इसबगोल चालू आहे, त्यात काय विचारायचं?"

माळ आणि मण्यांचं तिला वाचून दाखवलं. ती गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी त्यांना उपाशी ठेवलं." मी नाही नाही म्हणत राहिले, पण ती उठून तूरडाळ निवडायला बसली, रात्री साडेनऊला. काल आमटी झाली. बाबा दोनदा घेऊन म्हणाले, आज मीठ जास्त पडलंय. जास्त नव्हतं पडलं.

कार्डं केली, चार. लॅमिनेट करून आणली. न्यूरोलॉजिस्टना फोन करून औषधांची नावं तपासून घेतली, ते "बरं केलंत" म्हणाले.

पॅसेंजर आहेतच. काल मी म्हटलं, "गाडी चार नंबरच्या फलाटावर लागलीय, अर्ध्या तासाने सुटेल." बाबांनी घड्याळ पाहिलं, सोफ्याकडे बघून मान हलवली आणि पेपर उघडला. अर्ध्या तासाने बरोबर विचारलं, सुटली का. आता यावर काय उत्तर द्यायचं ते कोथरूडच्या ताई, तुम्हीच सांगा.

आणि काका, सकाळची गोळी साडेसातला आणि नाश्ता आठला असं ठरवलंय. पण बाबा उठल्या उठल्या सहाला चहा घेतात, निव्वळ दुधाचा, ड्रायव्हरचा चहा. तो चालेल का? तो बंद करायला त्यांना कुणी सांगायचं हा मोठाच प्रश्न आहे.

काचपट्टी

दीड तासाचं अंतर आहे, घेऊ दे. बंद करू नका.

कोथरूडची_लेक

"घाटात दरड आलीय, उशीर होणार." आमच्याकडे लग्नाची वऱ्हाडं यायची, त्यांची ट्रेन कायम लेट असायची.